चार नंबरचा पंखा

माझं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे. लोकांच्या कॉम्प्युटरची देखभाल. जळगाव आणि धुळे मिळून माझी चौदा गिऱ्हाइकं आहेत, म्हणजे होती. दोन डाळमिल, एक रक्त तपासायची लॅब, धुळ्यातलं एक कॉलेज, आणि जामनेर रस्त्यावरचं अमृतलाल शेठजींचं केळी पिकवण्याचं केंद्र. राहायला जळगावच्या पिंप्राळ्यात. गावात स्कूटर, धुळ्याला एस.टी. नाव कुंदन. भूतखेत मानत नाही, हे वाक्य मी पूर्वी फार ठसक्यात म्हणायचो.

शेठजींच्या केंद्रात सहा चेंबर आहेत. एकेक चेंबर चांगल्या मोठ्या खोलीएवढं, भिंती जाड आणि पांढऱ्या, दाराला हातभर काचेची खिडकी. आत हिरव्या केळीचे क्रेट छतापर्यंत रचतात, दार लावतात आणि ठरावीक गॅस सोडतात. सतरा अंशांवर चार दिवसांत केळी पिवळीधमक होते. गॅस चालू असेतो दार उघडत नाही. हे सगळं बाहेरच्या काचेच्या केबिनमधला एक कॉम्प्युटर सांभाळतो. गॅस माणसाला गुदमरवणारा आणि पेट घेणाराही, म्हणून आत मोबाईल न्यायची बंदी. कामगार सकाळी आले की आपापले फोन केबिनबाहेरच्या एका रिकाम्या क्रेटमध्ये ठेवतात आणि संध्याकाळी उचलतात.

केबिनमध्ये मेघा बसायची. मूळची धुळ्याची, सव्वीस वर्षांची, आयटीआय झालेली. कामात इतकी चोख की मला तिचा थोडा कंटाळाच यायचा. प्रिंटर अडला तरी फोन, घड्याळ दोन मिनिटं मागं पडलं तरी फोन. क्रेट रचणाऱ्यांत लोटनआबा सगळ्यांत जुने, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेला मगन. मगन चाळिशीचा, कमी बोलणारा. मी गेलो की न विचारता माझ्या स्कूटरच्या डिकीत दोन फण्या ठेवायचा. सांगितलेलं काम सांगितलं तसं करायचा. थांब म्हटलं तर थांबायचा.

मागच्या श्रावणाच्या तोंडावर सॉफ्टवेअरवाल्यांकडून पत्र आलं. त्यांच्या प्रणालीत एक भोक सापडलं होतं. कॉम्प्युटरसमोर साध्या लॉगिननं बसलेला कोणीही त्या भोकातून वर चढून थेट प्रशासक होऊ शकत होता. ओसरीपर्यंत यायची मुभा असलेल्या माणसानं सैल फळी सरकवून तिजोरीच्या खोलीत जावं, तसा प्रकार. उपायही सोबत दिला होता: दुरुस्ती बसवा, मशीन बंद करून चालू करा, मग तपासा.

"बंद?" शेठजी म्हणाले. "कुंदनभाऊ, श्रावण आहे. सहाच्या सहा चेंबर भरलेत. अर्धा तास मशीन बंद म्हणजे माझा माल काळा. नंतर बघा."

नंतर बघायला माझी ना नव्हती. मला दुपारची धुळ्याची बस गाठायची होती. मी सोपा मार्ग काढला. भोक बुजवण्याऐवजी साध्या लॉगिनचे जेवढे अधिकार दिसले तेवढे सगळे छाटून टाकले. ज्याच्या हातात काहीच नाही तो चढणार तरी कुठून? दोन मिनिटांचं काम. कमीत कमी अधिकार द्यावेत हे आमच्या धंद्यात शहाणपणाचंच मानतात, फक्त छाटल्यावर एकेक बटण दाबून बघायचं असतं. ते मी बघितलं नाही. रजिस्टरमध्ये 'दुरुस्ती बसवली, तपासली' असं लिहून सही ठोकली आणि निघालो. मेघाला सांगायचंही राहून गेलं.

छाटलेल्या अधिकारांत एक लाल बटणही होतं. आणीबाणीचं. ते दाबलं की गॅस बंद होतो, मोठा पंखा आतली हवा बाहेर फेकतो आणि दार सुटतं.

चौथ्या दिवशी पावणेतीनला चार नंबरमध्ये काही क्रेट कलंडले. ते सरळ करायला मगन आत गेला. लोटनआबांना वाटलं तो बाहेर आला. ठरलेल्या वेळी मशीननं दार लावलं आणि गॅस सोडला. दाराला आतून ढकलायची कडी होती, पण ती महिनाभर मोडलेलीच होती. कडी माझ्या कामात येत नाही, हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं.

तीन वाजून पाच मिनिटांनी मेघाला खिडकीतून मगनचा पाय दिसला. तिनं लाल बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'ही कृती करण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रशासकाशी संपर्क साधा.'

प्रशासक मी. मी धुळ्याच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये उशिराचं जेवण जेवत होतो. शेवभाजी होती. फोन वाजला, मेघाचं नाव बघितलं आणि प्रिंटर असणार म्हणून फोन टेबलावर पालथा घातला. तीन पाच, तीन आठ, तीन बारा. तीन वेळा तो टेबलावर थरथरला. समोरच्या प्राध्यापकांनी विचारलं, "घ्यायचा नाही का?" मी म्हणालो, "एक मुलगी आहे, उगाच घाबरते."

लोकांनी पहारीनं दार फोडलं तेव्हा पावणेचार झाले होते. मगनचा जीव सव्वातीनच्या आत गेला, असं डॉक्टरांनी लिहिलं.

त्याच संध्याकाळी पोलीस केबिनमध्ये बसायच्या आधी मी पोचलो. मगन गेल्याचा निरोप फोनवर आला होता, आणि काय झालं असणार ते मला एस.टी.तच कळलं होतं. 'सिस्टीम तपासतो' म्हणून केबिनचं दार आतून लावलं, मेघाच्या लॉगिनला सगळे अधिकार परत दिले आणि त्या दुपारची नोंद पुसली. मग सगळ्यांना आत बोलावलं. शेठजींचा मुलगा मनन, फौजदार आणि मेघा. मी मेघाच्या लॉगिननं लाल बटण दाबलं. पंखा घरघरत सुरू झाला.

"सर, मला अधिकार नाही असं आलं होतं," मेघा म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या बाजूनं बोलेन अशी तिची खात्रीच होती.

"सिस्टीममध्ये तसं काही दिसत नाही," मी म्हणालो.

एवढंच वाक्य. आवाजसुद्धा कापला नाही माझा. मेघाची नोकरी गेली, निष्काळजीपणाचा गुन्हा लागला, पेपरात नाव आलं. ठरलेलं लग्न मोडलं असं मागाहून कानावर आलं. मी तिचं खातं काढून टाकलं, श्रावण संपल्यावर ती दुरुस्ती नीट बसवली, आणि शेठजींनी मला पेढे दिले. मी ते खाल्ले. ह्याची लाज मला मगनच्या मरणापेक्षा जास्त वाटते की कमी, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दिवाळीनंतर महिन्याची तपासणी करताना कॉम्प्युटरच्या नोंदवहीत एक ओळ दिसली. दुपारी तीन एकोणीस. एका साध्या वापरकर्त्याचे अधिकार वाढून तो प्रशासक झाला. वापरकर्त्याच्या नावाच्या जागी काहीच नाही, कोरं. त्यानं केलेलं काम एकच: चेंबर चार, आणीबाणी. पाच मिनिटांनी सगळं पूर्ववत.

मागची पानं चाळली. रोज, एकही दिवस न चुकता, तीन एकोणीस.

चार नंबर त्या दिवसापासून रिकामंच होतं. मी लोटनआबांना विचारलं, दुपारी पंखा चालतो का. ते तंबाखू मळत होते. हात थांबला.

"चालस ना. बठ्ठासले माहीत शे. आम्ही हात जोडतस नि कामले लागतस."

"सगळ्यांना माहीत, मग मला का नाही सांगितलं?"

"तुमले सांगीसन काय व्हई, भाऊ?"

मी मनाशी म्हटलं, भोक राहिलंय. दुसरं काय असणार? कामाला लागलो, आणि ह्या वेळी खरंच लागलो. आलेली प्रत्येक दुरुस्ती त्याच दिवशी बसवली. जुनी खाती, न वापरलेले प्रोग्राम, पाहुण्यांचं लॉगिन, सगळं काढलं. प्रशासकाचं लॉगिन वेगळं करून त्याचा पासवर्ड कागदावरसुद्धा लिहिला नाही. पेनड्राइव्हची जागा मेणानं बुजवली, इंटरनेटची तार उपसली. जे मगन जिवंत असताना करायला हवं होतं, ते सगळं त्या रिकाम्या खोलीसाठी केलं. तीन एकोणीसला केबिनमध्ये मी एकटा होतो, हात मांडीवर. कीबोर्डला कोणी शिवलं नाही. पंखा सुरू झाला.

नवं मशीन आणलं. खोक्यातून काढून मी स्वतः बसवलं, त्यावर फक्त माझं खातं. दुसऱ्या दिवशी तीच ओळ. मग चार नंबरची वीज मुख्य बोर्डावरून तोडली. त्या दिवशी पंखा फिरला नाही. नुसता आवाज आला, आणि दाराच्या फटीतून गार हवा माझ्या पायांवर आली. तिला पिकून उतरलेल्या केळीचा वास होता. चेंबर दहा महिने रिकामं होतं.

नोंदवहीत एक रकाना असतो, मी तो कधी उघडून बघत नसे. अधिकार कसे वाढले: भोकातून चढून, की कुणी रीतसर परवानगी देऊन? त्या दिवशी उघडला. भोक नव्हतंच. रोज कोणीतरी परवानगी मागत होतं आणि रोज ती मिळत होती. परवानगी देणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. रविवारी मी घरी झोपलेलो असायचो, त्या दिवशीही.

मला सुचलं ते मेघाचंच नाव. हे लिहिताना मान खाली जाते. पण तेव्हा बरं वाटलं होतं. तार उपसलेली असूनही सूड म्हणून ती लांबून काहीतरी खेळ करते आहे असं निघालं, तर ती गुन्हेगार आणि मी ते पकडणारा. येत्या सोमवारी कोर्टात माझी साक्ष होती. लाल बटण तिला दाबता येत होतं, हे सांगायला सरकारी बाजूनं मलाच बोलावलं होतं. चार नंबरची वीज परत जोडली, पंखा लागला की फोन करायला लोटनआबांना सांगितलं आणि शनिवारी मी धुळ्याची बस धरली.

देवपुरातलं दोन खोल्यांचं घर. दार तिच्या आईनं, शेवंताबाईंनी उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्या दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "या ना भाऊ, बठा." पाण्याचा तांब्या आणला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मेघा खाली बसून ब्लाउजला काजं करत होती. वाळली होती. घरात कॉम्प्युटर नव्हता. फोन होता तो आईचा, बटणांचा.

"सर, तुम्ही आलात," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, सोमवारच्या आधी तुम्ही याल."

मी घड्याळ बघत होतो. सव्वातीन झाले. सोळा, सतरा. ती सुईत दोरा ओवत होती, शेवंताबाई चहा गाळत होत्या.

तीन वीसला माझा फोन वाजला. लोटनआबा.

"भाऊ, पंखा चालू व्हई गया."

मी फोन खिशात ठेवला. मेघाचे दोन्ही हात माझ्यासमोर होते.

"सर, ते खरंच आलं होतं पडद्यावर," ती म्हणाली. "अधिकार नाही म्हणून. मी रोज डोळे मिटले की वाचते ते. आईसुद्धा म्हणते, घाबरून भलतंच दिसलं असेल. मला आता कधीकधी तसंच वाटायला लागलंय. तुम्ही एकदा सांगा सर. आलं असेल की नाही?"

दहा महिने त्या मुलीला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला मी लावलं होतं. मला तिच्याकडे बघवेना. चहा न घेता उठलो. उंबऱ्यापाशी पाठमोराच म्हणालो, "आलं होतं. मीच काढले होते अधिकार."

मागं मेघा रडायला लागली आणि मी जिना उतरलो.

सोमवारी कोर्टात मी सगळं सांगितलं. न बसवलेली दुरुस्ती, रजिस्टरमधली खोटी सही, छाटलेले अधिकार, पुसलेली नोंद. सरकारी वकील माझ्याकडे बघतच राहिले. मागच्या बाकावर मनन उठून बाहेर गेला. मला वाटलं, आता हलकं वाटेल.

मेघाचे वकील उभे राहिले. हातात फोन कंपनीकडून मागवलेला कागद होता.

"त्या दुपारी तुम्हाला केंद्रातून किती फोन आले?"

"तीन. मी एकही उचलला नाही," मी म्हणालो.

"इथे चार आहेत. चौथा तुम्ही उचललाय. अकरा सेकंद."

मला तो फोन आठवत होता. कायमच आठवत होता. मेघाचे तीन होऊन गेल्यावर अनोळखी नंबरवरून एक आला होता. ती दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करत असेल असं वाटून मी वैतागून उचलला. पलीकडून कोणी बोललं नाही. मोठ्या बंद खोलीत येतो तसा घुमणारा आवाज, आणि कोणीतरी फार सावकाश श्वास घेत होतं. तो नंबर कोणाचा, हे मी नंतर कधीच बघितलं नाही. बघायचं नव्हतं म्हणून बघितलं नाही.

"हा नंबर मयत मगनचा आहे," वकील म्हणाले. "पंचनाम्याप्रमाणे त्याचा फोन बाहेरच्या क्रेटमध्ये होता, बॅटरी उतरून बंद पडलेला. मग तुम्हाला कोणी फोन केला?"

"माहीत नाही."

"किती वाजता, हे तरी आठवतंय?"

त्यांनी कागद पुढं केला. मी तो हातात घेतला नाही.

"तीन एकोणीस," मी म्हणालो.

"तुम्ही काय बोललात?"

माझ्या पायांना गार लागत होतं.

"म्हणालो, जेवतोय. मी सांगेपर्यंत थांब."

मेघा पुढच्या तारखांना सुटली. माझ्यावर खटला चालू आहे आणि तो चालायलाच हवा. गिऱ्हाइकं गेली. लोटनआबा एकदा पिंप्राळ्याला येऊन गेले. साक्षीच्या दिवसापासून पंखा बंद झालाय म्हणाले.

"त्या दिशी दार मातर आपसूक उघडनं, भाऊ. आत कोनीच नव्हतं."

ते मला माहीत होतं.

आता मी फोन पालथा ठेवत नाही. तीन एकोणीसला तो वाजतो, पडद्यावर नावाची जागा कोरी असते, आणि मी पहिल्या घंटीलाच उचलतो. म्हणतो, "मगन, आता नको थांबू. ये बाहेर. जा तू." रोज म्हणतो, हात जोडून म्हणतो. पलीकडे तो सावकाश श्वास चालू असतो. अकरावा सेकंद भरायच्या आत तो अगदी अदबीनं सांगतो,

"मी थांबेल शे, भाऊ. तुमनं जेवन होऊ द्या."